हसा, हात वर करा, वाक्य बोला

आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात साळवेकाका भेटले, तर तुमच्या नमस्काराला नमस्कार मिळत नाही. ते तुमच्या तोंडाकडं रोखून बघतात आणि म्हणतात, "हसा." तुम्ही हसता. "दोन्ही हात वर." तुम्ही पिशवी खाली ठेवून हात वर करता. "आता वाक्य." वाक्य ठरलेलं आहे: 'आज बाजारात मेथी स्वस्त आहे.' ते न अडखळता म्हटलं की काका "लाइन क्लिअर" म्हणतात आणि तुम्हाला कामावर जाऊ देतात.

मी बिडकीनजवळच्या एका कारखान्यात हिशेब तपासतो. खात्री नसलेलं विधान माझ्या तोंडून सहसा निघत नाही. भर उन्हाळ्यात मेथी स्वस्त नसते, हे मी एकदा काकांच्या लक्षात आणून दिलं.

"साहेब, भाव कोण इचारायलंय तुम्हाला? जीभ वळती का नाय ते बघायलोय मी."

तेव्हापासून मेथीच्या भावाबाबत रोज खोटं बोलून मी कामावर जातो. गॅसची टाकी आणणाऱ्या माणसालाही यातून सूट नाही. त्याला फाटकात दोन्ही हात वर करून उभा बघून समोरचा किराणा दुकानदार एकदा घाईघाईनं शटर ओढायला निघाला होता.

काका मूळचे पाचोडचे. नोकरी टेलिफोन खात्यात, जमिनीखालच्या केबली जोडण्याची. निवृत्त होऊन गारखेड्यात आमच्या तळमजल्यावर राहायला आले. वैद्यकीचं त्यांचं सगळं शिक्षण मोबाइलवर झालं. सकाळी पार्किंगमधून स्कूटर काढताना त्यांच्या खिडकीतून आवाज येतो, "तो बच्चों, आज हम पढ़ेंगे लिवर." बच्चे म्हणजे एकटे साळवेकाका, वय अडुसष्ट, हातात पोह्यांची बशी. मोतीबिंदू, मूत्रपिंड, बायपास, गुडघ्याची वाटी बदलणं, सगळं त्यांनी बघितलेलं आहे. खाता खाता बघितलेलं आहे.

शरीर त्यांना टेलिफोनच्या हिशेबानंच कळतं. पाठीचा कणा ही ट्रंक लाइन. मुंग्या आल्या की केबलीत ओल शिरली. मेंदूची डावी बाजू अंगाची उजवी बाजू चालवते, हे कळलं त्या दिवशी ते जिन्यात प्रत्येकाला थांबवून सांगत होते. "बगा की, फॉल्ट एका एक्सचेंजला आन् लाइन डेड दुसऱ्याच वस्तीत! आमच्या खात्यात असं काम केलं असतं तर मेमो मिळाला असता."

कुणाचं ऑपरेशन ठरलं की काका आदल्या संध्याकाळी धीर द्यायला जातात. कुठं कापतील, कशानं कापतील, काय बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवतील, हे क्रमानं सांगतात. दुसऱ्या मजल्यावरच्या चौधरी मॅडमनी हर्नियाची तारीख दोनदा पुढं ढकलली, ती सर्जनला वेळ नव्हता म्हणून नव्हे.

हा नाद कधी लागला, ते सगळ्यांना माहीत आहे. दीड वर्षापूर्वी एका सकाळी सुमनकाकूंच्या हातातून चहाची कपबशी पडली. काकांना वाटलं, झोप झाली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत दुपार झाली. काकूंचा उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय हळूहळू परत आला. हात आला नाही. बोलण्यातले दोन शब्द तेवढे उरले, 'व्हय' आणि 'नाय'. आधी काकू आमच्या अपार्टमेंटच्या कॅरममधल्या अजिंक्य खेळाडू होत्या आणि हरणाऱ्याला भरपूर सुनावायच्या. काकांनी त्यांना कधीच हरवलं नव्हतं. हसा, हात वर करा, वाक्य बोला, पक्षाघात वेळेत ओळखायची ही तीन कलमं काकांना व्हिडिओत सापडली ती त्यानंतर. तोवर त्यांचा त्यांना काही उपयोग उरलेला नव्हता. मग त्यांनी ती आम्हाला लागू केली.

व्यायाम शिकवणारी ताई आठवड्यातून दोनदा यायची आणि काकूंचा हात स्वतः धरून हलवायची. बाकीच्या दिवशी काका. मोबाइल टेकवून ठेवायचे, काकूंच्या समोर खुर्ची टाकायचे आणि आपला उजवा हात वर करून दाखवायचे. मग फाटकाशी येऊन तक्रार.

"ऐकतच नाय हो म्हातारी. उजवा म्हणलं की डावा उचलती. इचारलं, अगं, उजवा कळतो का तुला? तर म्हणती, 'व्हय.' आन् परत डावाच! पहिल्यापासून हेकटच."

मी "हळूहळू होईल" असं म्हणायचो. यालाही आधार नव्हता, पण बोलायचो.

फेब्रुवारीत माझ्या पोटात उजवीकडं, बरगडीखाली दुखायला लागलं. भजी खाल्ली की जास्त. काकांनी बोटांनी दाबून बघितलं आणि निकाल दिला, "जठर. वायू आहे. पित्ताशय असतं तर डावीकडं दुखलं असतं." मी दोन आठवडे ओवा खाल्ला. शेवटी आमच्या हिनं मला सोनोग्राफीला नेलं. पित्ताशयात खडे निघाले. पित्ताशय उजवीकडंच होतं.

रिपोर्ट घेऊन मी तळमजल्यावर गेलो. भांडायला नव्हे, दोन आकडे जुळत नसले की मला जेवण जात नाही.

"काका, तुम्ही डावीकडं म्हणाला होता."

"व्हिडिओत डावीकडंच हाय. दाखवतो ना." त्यांनी दाखवलं. खरंच, पडद्याच्या डाव्या बाजूला होतं.

"काका, हा माणूस आपल्याकडं तोंड करून उभा आहे."

"मग?"

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि उजवा हात पोटावर ठेवला. "माझा हात तुम्हाला कुठल्या बाजूला दिसतो?"

काकांनी माझ्या हाताकडं बघितलं, मग पडद्याकडं. "आन् हृदय?" त्यांनी विचारलं. "ते त्यांनी उजवीकडं दाखवलंय. मला वाटलं, त्यांची चूक हाय. मी खाली कमेंट टाकलीय, दुरुस्त करा म्हणून."

"त्यांचं बरोबर आहे, काका."

त्या संध्याकाळी साळवेकाका दारोदार फिरले. चौधरी मॅडमच्या दारातला त्यांचा आवाज मला वर ऐकू आला. "मॅडम, तुमचं अपेंडिक्स मी डावीकडं दिलं होतं. ते उजवीकडं शिफ्ट करून घ्या. यकृत पण." मॅडम म्हणाल्या, "बरं." दुसरं काय म्हणणार?

सगळ्यात शेवटी ते माझ्याकडं आले. चहा नको म्हणाले. दारातच उभे राहिले.

"साहेब, एक इचारायचं होतं. समोरचं सगळंच उलटं दिसतं?"

"हो."

"म्हणजे मी तिच्या समोर बसून हा हात वर करतो..." त्यांनी उजवा हात थोडा उचलला. "तर तिला तो तिच्या डाव्या अंगाला दिसतो."

"हो, काका."

"म्हणजे ती आरशावानी माझी बरोबर नक्कल करायली. ऐकत होती म्हणजे. पहिल्या दिवसापासून ऐकतच होती. आन् मी तिला दीड वर्ष हेकट म्हणायलोय."

काका जिना उतरून गेले. त्या दिवशी त्यांनी मला हसायला सांगितलं नाही.

पुढं माझं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर हिनं केलेली खीर द्यायला मी खाली गेलो. दार उघडंच होतं. खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. दिवाणावर काका आणि काकू शेजारी शेजारी बसले होते, खांद्याला खांदा लावून, लोखंडी कपाटाच्या आरशाकडं तोंड करून. लग्नाच्या फोटोला बसतात तसे.

"हं, बघ आता," काका म्हणाले आणि त्यांनी उजवा हात वर केला.

काकू आरशात बघत होत्या. डावा हात मांडीवर तसाच राहिला. उजव्या हाताची बोटं आधी हलली, मग मनगट साडीवरून उचललं गेलं. किती? दोन बोटांएवढं. जास्त सांगितलं तर चुकीचं होईल. क्षणभर राहिलं आणि परत खाली आलं.

"उचलला?" काकांनी आरशातल्या काकूंना विचारलं.

"व्हय," काकू म्हणाल्या.

आरशात मी दिसल्यावर काका माझ्याकडं वळले. तोंडभर हसत होते. स्वतःचा हात खाली घ्यायचं विसरले होते. हसू झालं होतं, हात वर होता. तेव्हा मी म्हणालो, "काका, आता वाक्य."

त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. "आज बा..." इथपर्यंत आले आणि पुढं काही येईना. दुसऱ्या हातानं डोळे पुसून पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

काकूंनी मान वळवून त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि निकाल दिला.

"नाय."