घंटा होईपर्यंत

प्रस्तावना

"उद्या तुम्हाला काही म्हणजे काही येत नाही. कळलं?" वसुमतीनं चौथीच्या वर्गाला बजावलं.

"सरी, अक्का," वर्गानं एका सुरात होकार दिला.

चामराजपेठेतल्या त्या मराठी शाळेवर शेजारच्या ट्रेनिंग कॉलेजातले होऊ घातलेले मास्तर वर्षभर हात साफ करून घेत. वसुमती त्यांतलीच एक. कॉलेजकडं वर्गात दाखवण्याजोगी वस्तू एकच, रेशमाच्या कोशांचा खोका. त्यामुळं जो येई तो रेशमाचा किडाच शिकवी. पोरांना तो किडा घरच्या पाहुण्यासारखा ओळखीचा झाला होता. मागल्या वर्षीच्या परीक्षेत वसुमतीनं कोश दाखवून "हे काय?" एवढंच विचारलं, आणि पोरांनी अंड्यापासून रेशमी पातळापर्यंत सगळं सांगून टाकलं. परीक्षकांचा शेरा आला: मुलांना सगळे येतेच, मग बाईंनी शिकवले काय?

नापास.

यंदा पास झाली तर जयनगरच्या नव्या शाळेत नोकरी. नाही तर हुबळीचं स्थळ. वडील नरसिंहराव ते वर्षभर "बघू, बघू" म्हणत थोपवून होते, आणि आता त्यांचंही "बघू" संपत आलं होतं.

"कधीपर्यंत येत नाही, अक्का?" मॉनिटर भाग्यलक्ष्मीनं विचारलं. मागल्या वर्षी अक्का व्हरांड्यात रडताना तिनं पाहिली होती.

"घंटा होईपर्यंत."

हेतुकथन

पास व्हायचं.

विषयविवेचन

यंदाचे नवे परीक्षक भगवंतराव मागच्या बाकावर बसले. वसुमतीनं कोश उचलला. "हे काय आहे?"

पोरांनी कोश पहिल्यांदाच पाहिल्यासारखे डोळे मोठे केले.

"बटाटा?" हरी म्हणाला.

वसुमती मनात सुखावली. तिनं किडा सांगितला, तुतीचा पाला सांगितला, फळ्यावर चित्र काढलं. "मग सांगा, किडा काय खातो?"

"बटाटा?"

"आत्ताच सांगितलं ना, तुतीचा पाला!"

"तुती म्हणजे काय, अक्का?" गुंडोनं विचारलं. शाळेमागच्या झाडावरच्या तुती खाऊन त्याचे ओठ जांभळे झाले होते.

भगवंतराव उठून त्याच्याजवळ आले. "तुझं नाव काय रे?"

गुंडोनं अक्काकडं पाहिलं. "येत नाही, सर."

"नाव येत नाही?"

"अजून शिकवलं नाही."

"दोन आणि दोन किती?" भगवंतरावांनी भाग्यलक्ष्मीला गाठलं. तिचे पाढे तिसापर्यंत पाठ होते.

"कुणाचे दोन, सर?"

वसुमतीच्या हातातला खडू मोडला. भगवंतरावांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली जोरात रेघ ओढली. "मुलांनो," ती काकुळतीनं म्हणाली, "स्वल्प आठवून तर बघा! आठवलं तरी चालेल!"

वर्ग चुळबुळला. भाग्यलक्ष्मीनं मागं वळून सगळ्यांवर डोळे वटारले. अक्का आपली परीक्षा बघताहेत, फसायचं नाही.

"नाही आठवत, अक्का," ती ठामपणे म्हणाली, आणि घाबरू नका अशी मान हलवली.

वसुमतीला फळ्यावरच्या किड्याच्या जागी हुबळीचं स्थळ दिसू लागलं. फेट्यासकट.

घंटा झाली.

उपयोजन

"कोश, सर!" "तुतीचा पाला!" "उकळत्या पाण्यात टाकून धागा काढतात!" "एका कोशात एकच धागा असतो, सर!" "चार, सर, दोन आणि दोन चार!" "माझं नाव गुंडो विठोजी मोरे!"

भगवंतराव मटकन खाली बसले. मग त्यांनी वहीतलं मघाचं खोडलं.

"वसुमतीबाई," ते म्हणाले, "ज्या पोरांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, त्यांना तुम्ही एका तासात... जयनगरची जागा तुमचीच. फक्त सोमवारी येलहंक्याच्या शाळेत हाच पाठ एकदा घ्या. नवे लागलेले सगळे मास्तर बघायला बोलावतो. शिकवतात कसं ते कळू दे त्यांना."

गृहपाठ

"पास ना, अक्का?" पोरांनी तिला वेढा घातला.

"पास!"

भाग्यलक्ष्मी तेवढी हसत नव्हती. "अक्का, येलहंक्याच्या पोरांना खरंच काही येत नसेल."

"मग?"

"मग घंटा झाल्यावर ती काय सांगतील?"

वसुमती हळूहळू खुर्चीत टेकली. किडा न येणारं पोर तिनं सगळ्या ट्रेनिंगात अजून पाहिलंच नव्हतं.

भाग्यलक्ष्मीनं खोका उघडला, एक कोश अक्काच्या हातात ठेवला आणि वर्गाला बाकांवर बसवलं.

"पहिल्यापासून घ्या, अक्का," ती म्हणाली. "या वेळी स्वल्प नीट शिकवा."