खुर्चीचा रंग निवडा

“आम्हाला नव्या खुर्च्या मिळणार आहेत!” मावशीने भाजी वाढता वाढता जाहीर केलं आणि भाचीचा घास घशातच अडकला.

अडकायला कारण होतं. मावशी ज्या कॉलेजात ग्रंथपाल होती, त्याच कॉलेजात भाची सायबर सुरक्षेच्या तिसऱ्या वर्षाला होती, आणि खुर्च्यांची ती मेल सकाळी तिनेच पाठवली होती. तिच्या प्रकल्पाचा विषयच होता, शिकलीसवरलेली माणसं खोट्या मेलला किती भुलतात. प्राचार्यांची लेखी परवानगी होती. मेलमध्ये एवढंच होतं, की कर्मचाऱ्यांना आरामदायी खुर्च्या मंजूर झाल्या आहेत. खालच्या लिंकवर नाव आणि पासवर्ड टाकून रंग निवडावा. पासवर्ड कुठे साठत नव्हते, नुसती डोकी मोजली जात होती.

बहात्तर कर्मचाऱ्यांतले दहाबारा फसतील, असा तिचा अंदाज. हात धुऊन तिने आकडा पाहिला, तर एकाहत्तर! उरलेल्या एकाला स्वतःचा पासवर्ड आठवत नव्हता आणि तो दिवसभर कॉम्प्युटर विभागात खेटे घालत होता. प्राचार्यांनी तर दोनदा फॉर्म भरला होता. परवानगीवर त्यांनी न वाचताच सही केली असणार.

रंगाखाली तिने उगाच ‘सूचना’ म्हणून एक रिकामा चौकोन ठेवला होता. त्यात लोकांनी आपापली पाठदुखी ओतली होती. मावशीने लिहिलं होतं, ‘अठरा वर्षं एकाच खुर्चीवर काढली. डावा हात तुटलाय, खुर्चीचा. निळी मिळाली तर बरं. नसली तर कुठलीही चालेल.’

भाचीला ते वाचून कसंसंच झालं. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे सगळं खरं सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं.

पण सकाळी कॉलेजात पाऊल टाकते तो काय, स्टाफरूममध्ये एक खुर्ची शिल्लक नाही! नव्यांना जागा हवी म्हणून शिपाईकाकांनी उत्साहाच्या भरात जुन्या सगळ्या खुर्च्या भंगारवाल्याच्या गाडीत चढवल्या होत्या. गणिताच्या बाई उपड्या बादलीवर बसून वह्या तपासत होत्या. रसायनशास्त्राचे दोघे एकाच स्टुलावर पाठीला पाठ लावून बसले होते. एक उठला की दुसरा पडत होता, म्हणून दोघांनी तासाला एकाच वेळी उठायचं ठरवलं होतं.

ती धावत सायबर सुरक्षेच्या सरांकडे गेली. डब्यालासुद्धा कुलूप लावतात म्हणून मुलं त्यांना कुलूपसर म्हणत.

“सर, आत्ताच्या आत्ता खरं सांगून टाकूया.”

“घाई नको. आधी आपण स्टाफला प्रशिक्षण देऊ, मग कबुली. उलटं केलं तर लोक चिडतील आणि प्रशिक्षणाला फिरकणारसुद्धा नाहीत.”

“सर, एक विचारू? तुम्हीही फॉर्म भरलाय.”

“मी लिंक तपासत होतो.”

“तुम्ही रंगही निवडलाय.”

“तपासणी काय अर्धवट सोडायची?” सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

दुसऱ्या दिवशी सभागृहात दोन तास प्रशिक्षण झालं. सरांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं, “गोड बातमी आली तर संशय घ्या. कडू आली तर दुप्पट घ्या! ओळखीचा माणूस असला तरी आधी पडताळा!” माणसं मान डोलावत होती, टिपणं काढत होती. एवढं मन लावून त्या सभागृहात आजवर कुणी काही ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी भाचीने कबुलीची मेल पाठवली. ‘खुर्च्या येणार नाहीत. तो प्रकल्पाचा भाग होता. मनापासून क्षमा मागते.’

सकाळी फलकावर प्राचार्यांच्या सहीची सूचना झळकत होती. ‘खुर्च्या येणार नाहीत, अशी एक बनावट मेल फिरत आहे. कोणीही विश्वास ठेवू नये. सतर्क राहिल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन.’

मावशी तर घरी येऊनही पेटलेलीच होती. “आमच्या खुर्च्यांवर कुणाचा तरी डोळा आहे बघ!”

“मावशी, अगं ती मेल मीच पाठवली. दोन्ही मीच पाठवल्या.”

मावशीने चष्मा पुसला. तिला नीट न्याहाळलं. “कशावरून तू?”

“म्हणजे? मी तुझ्यासमोर बसलेय!”

“सर म्हणालेत, आधी पडताळा. सांग, तुझं पहिलं दप्तर कुठल्या रंगाचं होतं?”

“लाल.”

“तपकिरी,” मावशी शांतपणे म्हणाली. “तुझं खातं कुणीतरी हॅक केलंय. पासवर्ड बदल आणि गप जेवून घे.”

आठवडा गेला. खुर्च्या येईनात, तेव्हा प्राचार्यांनी संस्थेला कडक पत्र लिहिलं. संस्थेच्या कार्यालयाने कपाटं उलथीपालथी केली. मंजुरीचा कागद काही सापडेना. तो आपल्याच हातून गहाळ झाला असं समजून तिथल्या कारकुनांची पाचावर धारण बसली आणि बोभाटा व्हायच्या आत त्यांनी गुपचूप बहात्तर खुर्च्या मागवल्या.

त्या खरंच आल्या! भाचीने फाटकाशी ट्रक पाहिला तेव्हा तिला आनंदाने रडूच फुटायचं बाकी होतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, चाकांच्या, उंच पाठीच्या खुर्च्या. सगळ्यात वर एक निळी होती.

“साहेब, तुमच्या फोनवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा,” ड्रायव्हर पायऱ्यांवर उभ्या असलेल्या प्राचार्यांना म्हणाला.

प्राचार्य एक पायरी मागे सरले. “ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो.”

“मला सांगायलाच आलाय तो.”

“सगळे असंच म्हणतात.”

“सर, सांगा! ह्या खऱ्या आहेत!” भाची ओरडली.

“तुझं खातं हॅक झालंय ना?” प्राचार्य कनवाळूपणे म्हणाले. “ग्रंथपालबाईंनी सांगितलं मला.”

तिने आशेने कुलूपसरांकडे पाहिलं. सर ट्रककडे टक लावून बघत होते. दोन तास टेबलावर आपटलेली मूठ आता कुठल्या तोंडाने उघडणार?

“कोडशिवाय मला एक स्क्रूही उतरवता येत नाही,” ड्रायव्हरने हात झटकले, ट्रक वळवला आणि बहात्तरच्या बहात्तर खुर्च्या कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या.

मग मावशीने टाळी वाजवली. पाठोपाठ गणिताच्या बाई, रसायनशास्त्राचे दोघे, शिपाईकाका, अख्खा स्टाफ टाळ्या वाजवू लागला. एकही जण फसला नव्हता. कुलूपसरांनी जड हाताने भाचीच्या प्रकल्पावर शंभरपैकी शंभर लिहिले, तेव्हा तर सगळ्यांनी उभं राहून तिचं कौतुक केलं.

बसायला काही नव्हतंच.