जर्मन आप्पांची बिनधक्क्याची गाडी

भीमेकाठच्या त्या गावात मी मास्तर म्हणून रुजू झालो आणि दुसऱ्याच सकाळी एका माणसाचा जीव वाचवला. निदान मला तसं वाटलं. नदीकडे निघालो होतो. पाहतो तर नांगरलेल्या रानातून दोन बैल भरधाव निघालेले, मागं दोरानं एक फळी बांधलेली, आणि त्या फळीवर एक पागोटेवाला माणूस डोळे मिटून, ढेकळांवरून टणाटण उडत, फरफटत चाललेला. मी धोतर सावरत आडवा धावलो आणि दोन्ही हात पसरून "हो! हो!" असा ओरडलो. बैल थांबायच्या ऐवजी बुजले, वळले आणि कुणाच्या तरी कांद्याच्या वाफ्यांतून थेट ओढ्यात शिरले. माणूस सुटून माझ्या पायाशी येऊन पडला.

त्यानं उठून पागोटं झटकलं, मला निरखून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "गुरुजी, बेस उतरत हुतो की. मधी कशाला आला?"

मग ओढ्याकडं तोंड करून त्यानं "हाल्ट!" अशी आरोळी ठोकली. बैल जागच्या जागी उभे राहिले. त्यांना दुसरी भाषा ठाऊकच नव्हती.

हे गेनबा कोळपे. गाव त्यांना जर्मन आप्पा म्हणत असे. घरात ते आणि हे दोन बैल. बापजाद्यांनी मेंढरं वळली. आप्पा मात्र पलटणीत गेले, आफ्रिकेच्या वाळूत पकडले गेले आणि उरलेली लढाई त्यांनी जर्मनीत कैदी म्हणून तिथल्या शेतकऱ्यांची बीटं खणत काढली. त्या शेताला लागून एक विमानतळ होता. जगात पाहण्यासारखं जे काही आहे ते आपण तिथं पाहून आलोय, असं आप्पांचं मत होतं. इतकी वर्षं उलटली तरी ते मत बदलायला आमच्या गावानं त्यांना काही कारण दिलं नव्हतं.

मारुती न्हाव्याच्या कट्ट्यावर त्या विमानतळावरची कथा आठवड्यातून एकदा तरी होई.

"पुढं पंखा न्हाई, काय न्हाई. भोपळ्याला पंख लावल्यागत हाय. बुडाला जाळ! रॉकेटाचं इमान त्ये. भुई सुटली की दोनी चाकं खाली टाकून देतंय आन् सरळ वर. तुमी मान वर करंस्तवर ठिपका!"

मारुतीचा वस्तरा कुणाच्या तरी गालावर थांबे. "आप्पा, आमच्या म्हशीचं रेडकू चार पाय घिऊन जलमाला येतंय. आन् जर्मनाचं इमान पाय टाकून जातंय व्हय?"

"वजन चालत न्हाई त्येला. चा निवायच्या आत समदं तेल जळून जातंय. मंग गपगार. घारीवानी घिरट्या घालीत खाली. आता खाली आल्यावं चाकं कुठली? पोटावं घासत उतरतंय."

इथं आले की आप्पा थांबत, गुडघ्यावर हात टेकून उठत आणि चालू लागत. गोष्ट नेमकी कुठं संपवावी हे या माणसाला कळतं, असं मला वाटे. मी स्वतः गोष्टी लिहून मासिकांकडं पाठवत असे आणि त्या साभार परत येत, त्यामुळं या विषयात आपल्याला गती आहे असा माझा समज होता.

त्या विमानानं आप्पांना एक प्रश्न मात्र कायमचा देऊन ठेवला होता. "उतरायचं काय?" नवरदेव घोड्यावर बसला की वरातीत शिरून त्याला, "चढला झ्याक. उतरायचं काय?" नवा सरपंच निवडून आला, गावानं त्याला खांद्यावर घेतलं. आप्पा खालून, "उतरायचं काय?" माझी बढती होणार अशी आवई उठली तेव्हा मलाही विचारलं. ती बढती झाली नाही, म्हणून उतरायचा प्रश्नही आला नाही.

पुढं रशियानं आभाळात यान सोडलं. एक दिवस शिळं वर्तमानपत्र मी कट्ट्यावर मोठ्यानं वाचून दाखवत होतो. या खेपेला आत एक कुत्री बसवलीय म्हणताच सगळा कट्टा हसला.

"तिच्या उतरायचं काय?" आप्पांनी विचारलं.

"उतरायचं काही नाही, आप्पा. ती वर फिरतच राहणार." मी शास्त्र शिकवण्याच्या सुरात म्हणालो.

आप्पांनी ओठाला लावलेली कपबशी खाली ठेवली आणि घरी निघून गेले. पुढचे काही दिवस ते कट्ट्यावर फिरकले नाहीत. मारुती म्हणाला, "कुत्रीचं सुतक धरलं वाटतं."

सुतक नव्हतं. आप्पा कामाला लागले होते. फळीवरून घासत उतरून पाहायचा नाद सोडून त्यांनी दौंडच्या भंगारवाल्याकडून लॉरीच्या चाकांच्या जुन्या ट्यूबा आणल्या, आपल्या बैलगाडीत चार खांब रोवले आणि त्या ट्यूबांनी सुतळीची बाज अधांतरी टांगली. पाठीला हिसका बसता कामा नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. चाचणीसाठी त्यांना हलकं आणि रिकामं माणूस हवं होतं. गावात असा मी एकटाच.

"गुरुजी, तुमी पायलट. हलायचं न्हाई."

माझ्या पोटावर काठोकाठ भरलेला ताकाचा पेला ठेवून आप्पा मला नांगरलेल्या रानातून फिरवत. सुरुवातीला ताक डोळ्यांत जाई. मग नाकात. मग सदऱ्यावर. आप्पा ट्यूब आवळत, सैल करत आणि पुन्हा पेला भरत. संक्रांतीच्या सुमाराला एकदा ते सगळं ताक पेल्यातच राहिलं आणि ते मी पिऊन टाकलं. सुमती, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, सदरे धुऊन कंटाळली होती. ती म्हणाली, "पुढच्या वेळी साधं पाणी न्या."

त्या उन्हाळ्यात सुमतीला दिवस गेले. आधी एकदा शिरूरला माहेरी जाताना बैलगाडीच्या हिसक्यांनी आमचं घडू नये ते घडून गेलं होतं. त्यावर घरात कुणी बोलत नसे. या खेपेला सातव्या महिन्यात तिच्या पोटात दुखू लागलं, अंगावरूनही थोडं जाऊ लागलं. केडगावच्या मिशनच्या सिस्टरबाई फेरीवर आल्या होत्या. त्यांनी तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "इथं ठेवू नका. दवाखान्यात आणा. पण वाटेत धक्का बसता कामा नये. एकदा जे झालं ते पुन्हा व्हायला वेळ लागणार नाही."

केडगाव चार कोस. वाटेत ओढा, चरी आणि चाकोऱ्या. बाजेवर निजवून खांद्यावरून न्यावं असं ठरू लागलं. मी एक कोपरा धरायला पुढं झालो, तर बाज माझ्याच कोपऱ्याकडं कलते हे मारुतीनं सर्वांना करून दाखवलं. तेवढ्यात दारात "हाल्ट" ऐकू आलं. आरोळी नव्हती, देवळात बोलावं तसं हळू.

आप्पा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "ताई, चला. उतरायची सोय केलीया."

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आप्पा गाडीवर बसलेच नाहीत. जुवाला हात लावून बैलांच्या पुढं चालत होते. धोंडा दिसला की उचलून कडेला ठेवत. चर आली की बैल थांबवत, खांद्यावरचं घोंगडं दुहेरी करून त्यात अंथरत, चाक वरून गेलं की ते झटकून पुन्हा खांद्यावर टाकत. असं चार कोस. मी मागं छत्री घेऊन. ऊन नव्हतं, हाताला काहीतरी काम हवं म्हणून छत्री. ओढ्याच्या उतारावर मीच घसरून पडलो. गाडी मात्र लोणी उतरावं तशी उतरली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा आमच्या आधी परतलेल्या सिस्टरबाईंनी माझा चेहरा पाहून आधी मलाच बाकावर निजवलं. मग सुमतीला तपासून आल्या आणि म्हणाल्या, "बाळ आहे जागेवर. आता इथंच राहू दे." मी आप्पांना सांगायला बाहेर धावलो. ते गाडीपाशी नव्हते. भिंतीकडं तोंड करून उभे होते. "ताईची पाठ दुखती का?" एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर गाडी वळवून निघाले.

दिवस भरून मुलगी झाली. बारशाला आप्पा धुतलेलं पागोटं घालून आले. मुलीला हातात घ्या म्हटलं तर "न्हाई, न्हाई, मला जमायचं न्हाई" म्हणून मागं सरकले आणि पाळण्याशेजारी मांडी घालून बसले. मी घुगऱ्या वाटत होतो. सुमती आणि ते बराच वेळ काहीतरी बोलत होते.

पाहुणे पांगल्यावर सुमती पाळण्याची दोरी धरून बसली होती. म्हणाली, "अहो, तुम्ही सगळे इतकी वर्षं त्यांना चाकांचंच विचारत बसलात. उतरल्यावर काय झालं, ते कुणी विचारलंत का? आज मी विचारलं."

"काय झालं?"

"ते विमान यांच्या शेताशेजारी गवतात येऊन आपटलं. हे सगळे कैदी बीटं टाकून धावले. वरची काच उघडली तर आत कोवळं पोर. पाठ मोडलेली. विमान ओढून न्यायचा ट्रॅक्टर येईपर्यंत आप्पा बाहेरून त्याचं डोकं छातीशी धरून उभे राहिले. ते पोर सारखं काहीतरी विचारत होतं. आप्पांना कुठली त्याची भाषा? हे आपले दर वेळी 'व्हय, व्हय' म्हणत राहिले. ट्रॅक्टर आला तोवर ते विचारायचं थांबलं होतं."

सुमतीनं पाळण्याला एक झोका दिला.

"आणि केडगावच्या वाटेवर मी तर दात आवळून गप्प पडले होते हो," ती म्हणाली. "एक शब्दही तोंडातून काढला नव्हता. तरी दर चरीला, पुढं चालता चालता, ते आपले म्हणतच होते, 'व्हय गं बाय, व्हय.'"