निर्मलाताईंनी बेतलेलं ऑपरेशन

निर्मलाताई माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी खांदा बघतात, मग काख, मग कंबर, आणि एवढं सगळं जागेवर असलं तर तोंड. आमच्या सोसायटीतल्या सुमनकाकू गेल्या तेव्हा त्यांच्या दहाव्याला आम्ही रामकुंडावर जमलो होतो. समोर हार घातलेला फोटो, गुरुजींचे मंत्र चाललेले, काकूंच्या मुली डोळे पुसत होत्या. निर्मलाताई माझ्या कानाशी लागल्या आणि अत्यंत दुःखी आवाजात म्हणाल्या, "डावी बाही चढलीय बघ काकूंची. माझं शिवण नाय ते. माझ्याकडं आल्या असत्या तर फोटोत अशा दिसल्या नसत्या." मग त्या खरोखरच रडल्या. काकूंसाठी किती आणि बाहीसाठी किती, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

त्या लेडीज टेलर. गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत तळमजल्यावर पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर. मूळच्या नांदगावकडच्या. लग्न होऊन नाशकात आल्या, सहा-सात वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही. शिलाई मशीन तेवढं राहिलं. गेली अठरा वर्षं माझे ब्लाउज त्या शिवतात, म्हणजे गेली अठरा वर्षं मी त्यांची बोलणी खाते.

"आधी माप, मग गप्पा," हे दारातच ऐकवलं जातं. टेप लावण्याआधीच आकडा जाहीर होतो, तोही दुकानातल्या चार बायकांसमोर. "साडेछत्तीस. दिवाळीला पस्तीस होतीस." आपण खालमानेने उभं राहायचं. "थोडा घट्टच शिवा ना ताई, मी वजन कमी करणार आहे," असं कोणी म्हटलं की त्या कापडाची घडी घालून परत देतात. "कमी कर, मग ये. मी आजच्या बाईचं शिवते, पुढच्या वर्षीच्या बाईचं नाय." गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. कोणी 'उजवा खांदा खाली' असते, कोणी 'अडतीस, कॉलेजवाली'. मी पहिली कितीतरी वर्षं 'आखूड मान' होते. वैशाली व्हायला मला फार वाट बघावी लागली.

एक मात्र आहे. एखादीला दिवस गेलेत हे तिच्या सासूच्या आधी यांना टेपवर कळतं, आणि ते त्या चार बायकांसमोर कधीच बोलत नाहीत. मुकाट्याने कडेच्या शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडतात.

मध्यंतरी त्यांना शुगर निघाली. तेव्हा त्या चांगल्याच जाड होत्या. डॉक्टरांनी दम भरला आणि ताईंनी वजन उतरवायचं काम लग्नसराईतल्या ऑर्डरीसारखं अंगावर घेतलं. दुपारी नागलीची भाकरी, सकाळी जॉगिंग ट्रॅकच्या फेऱ्या. दोन वर्षांत अठ्ठावीस किलो गेले. चरबी गेली, पण कातडी जागेवरच राहिली. पोटाची सैल घडी मांडीपर्यंत लोंबायची. उन्हाळ्यात त्या घडीखाली पुरळ उठून चिघळायचं. त्या तिथे जुन्या सुती लुगड्याची पट्टी घालून मशीनवर बसायच्या. आतले स्नायूही सैल पडलेले, त्यामुळे पाठ धरायची. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी त्यांना प्लास्टिक सर्जनकडे पाठवलं आणि फॉर्म इंग्रजीत असतात म्हणून ताईंनी मला सोबत नेलं.

सर्जन म्हणजे एक तरुण बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर पोट काढून दाखवलं. "टमी टकचे, म्हणजे पोटाची सैल कातडी काढायच्या ऑपरेशनचे, मुख्य तीन प्रकार असतात. मिनी, म्हणजे बेंबीच्या खालचीच थोडी कातडी काढायची, काप छोटा. फुल म्हणजे कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत काप, आतले स्नायू शिवून घट्ट करायचे, वरची कातडी खाली ओढून घ्यायची आणि बेंबीसाठी नवी जागा करायची."

"नवं काज," निर्मलाताई म्हणाल्या.

"हो, तसंच. आणि तिसरं एक्स्टेंडेड. त्यात काप कमरेच्या कडेवरून मागे जातो. खूप वजन उतरवलेल्या लोकांना बहुतेक तेच लागतं."

ताईंनी डॉक्टरांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. मला घाम फुटला. त्यांनी मिनीच्या चित्रावर दोन्ही कडांना फुल्या मारल्या. "मधलं कापड काढलं आणि कडेचं तसंच सोडलं, तर इथं चोच येणार. ब्लाउजच्या टक्सच्या टोकाला येते तशी. खरं का खोटं?"

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "खरं आहे. आम्ही त्याला कान म्हणतो. तुम्ही काय करता?"

"शिवते," ताई म्हणाल्या. डॉक्टरांनी मग आपलं पुढचं सगळं बोलणं माझ्याऐवजी त्यांच्याशीच केलं, आणि मला उगाच अभिमान वाटला.

पुढचे आठ दिवस दुकानात दुसरा विषय नव्हता. ताईंनी कापसाने भरलेल्या जुन्या पुतळ्यावर मांजरपाटाचं एक सैल पोट चढवलं, स्वतःच्या मापाचं. मग तीन वेळा ते पोट बेतून, टाचण्या लावून, कापून बघितलं. पेटीकोट न्यायला आलेल्या बायका दारात थबकायच्या आणि काहीच न विचारता परत जायच्या. मिनीचा निकाल सर्वांत वाईट लागला. बेंबीच्या वर सगळं ढिलं, कडेला दोन्हीकडे फुगे. "बाई उभी राहिली तर बरी दिसेल," ताईंनी निवाडा दिला, "बसली की सगळं बाहेर. आणि घडी राहिलीच, म्हणजे पुरळ राहिलंच. अर्धं काम. असलं काम मी तर हातात धरणार नाय." एक्स्टेंडेड मात्र पुतळ्यावर इतकं सपाट बसलं, की त्यांनी त्यावर दोनदा हात फिरवला.

म्हणजे निवड झाली, असं मी समजले. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "मग काय ठरवलंत?"

"मिनी करा."

मला वाटलं, त्या गोंधळल्या. डॉक्टरांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी पुन्हा सगळं समजावलं. मिनीने पुरळ जाणार नाही, पाठ दुखायची थांबणार नाही, वर्षभरात पुन्हा टेबलावर यावं लागेल. ताई खाली बघत म्हणाल्या, "मिनीच करा. मला तेवढंच बास." शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "ज्याचा उपयोग होणार नाही ते ऑपरेशन मी करणार नाही. आठवडाभर विचार करा."

बाहेर पायऱ्यांवर मी फणकारलेच. दोन रजा फुकट गेल्या होत्या आणि त्याहून जास्त म्हणजे त्या हट्टाचा मला राग आला होता. "हे असलं अर्धवट तुम्ही दुसऱ्या कुठल्या बाईला शिवून दिलं असतं?"

"दुसरीला नसतं दिलं."

"मग पैशांचं आहे का?"

"पैसे हायेत. त्याचं काय नाय."

"मग काय आहे ताई?"

त्यांनी पिशवीतून डॉक्टरांनी दिलेला माहितीचा कागद काढला. मराठीतलाच होता. मी तो पहिल्या भेटीत घडी घालून त्यांच्या हातात दिला होता, वाचला नव्हता. मोठ्या ऑपरेशनच्या खाली एका ओळीवर त्यांनी निळ्या खडूने रेघ मारली होती. पहिले दोन-तीन आठवडे वाकून चालावं लागेल, बिछान्यातून एकट्याने उठू नये, वजन उचलू नये, घरात सतत एक माणूस सोबत हवं. मिनीच्या खाली लिहिलं होतं, दुसऱ्या दिवसापासून स्वतःचं स्वतः करता येईल.

"भाऊ नांदगावला, त्याची बायको गुडघ्यांनी अंथरुणाला," ताई म्हणाल्या. "बाई ठेवली तर ती दिवसाची राहील. माझ्याकडं तीनशे बायकांची मापं हायेत गं. पण मला धरून मोरीपर्यंत ने, असं एकीलाबी सांगायची सोय नाय."

अठरा वर्षांत मी त्यांना एकदाही घरी बोलावलं नव्हतं. ब्लाउज द्यायला आल्या तर मी दारातून पिशवी घेत असे आणि दार लावत असे. त्यांनी माझ्या लेकीचे शाळेतले फ्रॉक शिवले, तिच्या लग्नातले माझे पाच ब्लाउज शिवले, आणि लग्नाच्या जेवणावळीत त्या कुठे बसल्या होत्या हे मला आठवत नव्हतं. त्या पायरीवर मला स्वतःची फार लाज वाटली.

"तुम्ही माझ्याकडे राहायचं," मी म्हणाले.

"तुझा नवरा काय म्हणेल?"

"त्याला विचारतंय कोण?"

त्यांनी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. मग आत जाऊन त्यांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितलं, "मोठं करा. माणूस हाय."

ऑपरेशन नीट झालं. तीन दिवसांनी मी त्यांना घरी आणलं. पोटाला पट्टा, कमरेत वाकलेल्या, पांढऱ्या पडलेल्या. पहिले दोन दिवस त्या मला नीट धरू देत नव्हत्या. भिंत धरायच्या, दार धरायच्या, पण माझा हात नको. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाला हात लावलेली बाई, पण स्वतःच्या अंगाला कोणी हात लावला की आक्रसून जायची. तिसऱ्या दिवशी मोरीच्या उंबऱ्याशी त्यांचा पाय थरथरला आणि त्यांनी सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला. "जड हाय ना मी?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. त्यानंतर त्या रोजच तशा टेकायच्या.

हळूहळू त्या रुळल्या. माझ्या पडद्यांना नावं ठेवू लागल्या. नवऱ्याला 'पाठीत पोक' असं नाव पडलं आणि त्याला ते चक्क आवडलं. दुपारी आम्ही शेंगदाणे खात बसायचो आणि त्या गल्लीतल्या बायकांचं एकेक सांगायच्या, आकडे वगळून.

अठराव्या दिवशी तपासणी होती. डॉक्टरांनी पट्टा सोडला. ताईंनी आरशात टाके पाहिले आणि म्हणाल्या, "टीप सरळ हाय. हात चांगला हाय तुमचा." डॉक्टर खूष झाल्या. "सुंदर भरलंय," त्या म्हणाल्या. "मशीनवर इतक्यात बसू नका, पण आता तुम्ही आपल्या घरी एकट्या राहू शकता. हरकत नाही."

ताईंनी साडीचा पदर दोनदा सारखा केला. मग डाव्या कुशीवर हात ठेवला. "इथं लय दुखतंय अजून, डॉक्टर. उठताच येत नाय मला."

त्याच दिवशी सकाळी त्यांनी एकट्याने उठून आम्हां तिघांचा चहा केला होता, आलं किसून.

डॉक्टरांनी कुशीवर दाबून बघितलं, भुवया जवळ आणल्या आणि माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच एवढं दुखतं का यांना?"

"हो ना," मी म्हणाले. "उठता-बसता कण्हत असतात. अजून महिनाभर तरी त्यांना एकटं ठेवायला नको."