प्रितमच्या चौकटीवरची फुली

आरतीने दार उघडलं, शालनच्या हातातला खडू बघितला आणि दार लावून घेतलं. सकाळपासूनचं हे तेरावं दार. कुसगावात पंधरा वर्षं पोलिओचे थेंब पाजणाऱ्या शालनची, गावच्या आशा सेविकेची, ही किंमत.

"अगं आरते, पोराचा डोस राहील!"

"मावशी, आदी तो खडू टाका," आतून आवाज आला. "प्रितमचा व्हिडिओ न्हाई का बघितला?"

प्रितम म्हणजे गावचा शोधकर्ता. पर्यटकांना बंगले दाखवता दाखवता त्याने मोबाईलची काठी घेतली, आणि काठी घेतली की हल्ली कोणीही शोध लावायला मोकळा. दोन महिन्यांपूर्वी, एकोणीस तारखेला, गावात एक बंगला फुटला होता. चोर सापडला नव्हता. प्रितमला त्या बंगल्याच्या चौकटीवर खडूची फुली दिसली. मग आणखी चार बंद बंगल्यांवर दिसली. झालं! चोरांची टोळी खुणा करून जाते, असं त्याने बारा मिनिटांत सिद्ध केलं. दोन लाख लोकांनी पाहिलं. त्यातल्या एकानेही फुलीखालची तारीख वाचली नाही.

फुल्या शालनच्याच होत्या. घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला की P, दार बंद असलं किंवा पोर राहिलं की फुली, खाली त्या दिवसाची तारीख. गावाच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. पण चौकटीवरचं खोटं आणि मोबाईलमधलं खरं, अशी अक्कल आता घरोघर पोचली आहे.

शालन तडक चावडीपाशी गेली. प्रितमचं लाइव्ह चालू होतं.

"ती फुली माजी हाय रं!"

प्रितमने काठी वळवली. "मित्रांनो, कबुली!"

"कसली कबुली? बंद घरावर मी फुली काढते. चोर बी बंद घरच फोडतो. उघड्या घरात शिरून काय च्या मागंल का?"

लोक हसले. शालनने वही उघडली. "हे बघ, तारीखवार लिवलंय."

हसणं प्रितमला झोंबलं होतं. "वही कोणीही घरी बसून भरतं. खोटी आहे ती! मी स्वतः साक्षीदार आहे. एकोणीस तारखेला, सकाळी अकराला, गच्चीवरून मी दोघांना त्या बंगल्यात शिरताना पाहिलं. चेहऱ्यासकट!"

हे व्हिडिओत नव्हतं. हे आत्ताच सुचलं होतं.

दुपारी राजेश्वरी हवालदार त्याच्या दारात. "साक्षीदार तुम्हीच ना? चेहरे पाहिलेत आणि दोन महिने गप्प? की त्यांच्यातलेच तुम्ही?"

प्रितमची कॅमेऱ्यातली भाषा गळून पडली. "मॅडम, आपलं हे... बोलायचं म्हणून बोललो. त्या दिवशी मी हितं नव्हतोच. बेगडेवाडीला बारशाला गेलतो, सासरवाडीला."

"सासरची माणसं जावयाच्या बाजूनेच बोलणार. दुसरा पुरावा?"

तो पळत शालनच्या ओट्यावर. "मावशी, तुमच्या वहीत असंल ना?"

शालनने सावकाश पानं उलटली. "एकोणीस तारीख. अकरा वाजून दहा. प्रितमचं घर, कुलूप. मूल एक, राहिलं."

"हेच दाखवा मॅडमना!"

"पर वही खोटी हाय ना?"

"न्हाई ओ मावशी, खरी हाय."

"मला नको सांगू. काठीला सांग. आन् तुझ्या पोरीला, तेजलला, घेऊन ये. नंतर दोनदा आले, तर तू कानात मोबाईलची बोंडं घालून बसलेला."

प्रितमने लाइव्हवर वही खरी असल्याचं सांगितलं. दोन लाखांपैकी चाळीस जणांनी पाहिलं. त्यात आरती होती. ती पोराला कडेवर घेऊन स्वतःच आली.

तेजलने थेंब घेतला, जीभ काढून दाखवली. मग वहीतली नोंद ताडून बघायला राजेश्वरीबाईंना घेऊन सगळे प्रितमच्या दारात आले. चौकटीवर फुली होती, खाली एकोणीस तारीख. अख्ख्या गावाच्या चौकटी तपासणाऱ्याने स्वतःची तेवढी पाहिली नव्हती. लाजेने त्याने ती बाहीने पुसायला हात वर केला.

"हात लावायचा नाही!" राजेश्वरीबाई ओरडल्या. "तुमच्या बाजूचा पुरावा आहे तो."