टोपी काढून आत यावे

सोमवारी सकाळी साडेनऊला अखिलनं जाहीर केलं की आजपासून आपल्या दुकानातून साडीच काय, साडीच्या खोक्याचा दोरासुद्धा फुकट बाहेर जाणार नाही!

जाहीर केलं ते आजोबांपुढे. इंदरचंदजी गादीवर बसून चहा फुंकत होते. जळगावातलं हे कापडाचं दुकान त्यांच्या वडिलांनी टाकलेलं. त्या काळात चोर पकडायला दाराशी बसलेला एक म्हातारा पुरत असे. आता सोळा कॅमेरे होते आणि चोर सापडत नव्हता. गेल्या महिन्यात कोणीतरी तीन पैठण्या पिशवीत घालून सरळ चालतं झालं. पोलिसांनी चित्रफीत पाहायला मागितली. तिच्यात दिसल्या स्कार्फ गुंडाळलेल्या बारा बायका, रुमाल बांधलेले नऊ पुरुष आणि एक हेल्मेट. उन्हाळ्यातलं जळगाव! ओळखायचं कोणाला?

"म्हणून हा फलक!" अखिल म्हणाला.

फलक दारावर लागला होता. पिशवी, पर्स, हेल्मेट, स्कार्फ, गॉगल, टोपी आणि मोबाईल दारातल्या कपाटात जमा करून टोकन घ्यावे. नियम सर्वांना सारखा.

"मोबाईल का रे?"

"लोक साडीचा फोटो काढतात, दादाजी, आणि शेजारच्या दुकानात जाऊन दाखवतात."

"आणि टोपी?"

"टोपीखाली चेहरा दिसत नाही कॅमेऱ्यात."

इंदरचंदजींनी बशी खाली ठेवली. "गुरुवारी तोतारामचा बस्ता आहे. ध्यानात आहे ना? रावेरकडची ती माणसं माझ्या वडिलांपासून लग्नाचं कापड इथंच घेतात. हा बस्ता दारातून परत गेला, तर त्याच दिवशी फलक उतरेल. आणि फलकासोबत तूही गोदामात बसशील. कायमचा."

"एक माणूस परत जाणार नाही!" अखिल म्हणाला. आणि गंमत म्हणजे तसंच झालं. एकही माणूस परत गेला नाही, उलट आणखी आले!

गुरुवारी अकराच्या सुमारास दोन जीपा दारात थांबल्या. त्यांतून सव्वीस माणसं उतरली. नवरीचे वडील तोताराम, आई इंदिराबाई, नवरी रूपाली ही मुलीकडची मंडळी. नवरा हेमराज, त्याचे आईवडील आणि आजोबा छगन नाना हे धरणगावजवळच्या एका गावचे. लग्न आठ दिवसांवर. पारा चव्वेचाळीसवर.

दाराशी रुपचंद उभा होता. हा सुरक्षारक्षक एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला, त्यामुळे टोकन वाटताना त्याच्या अंगात वेगळाच उत्साह संचारायचा. "पुढं सरका, पुढं सरका! पिशवी इकडं! मोबाईल इकडं! टोपी काढा!"

बायकांनी पर्सा दिल्या. मग रुपचंदनं अखिलच्या कानात विचारलं, "साहेब, पदराचं काय करायचं?"

"पदराचं नाव काढलंस तर नोकरी जाईल तुझी!"

तोतारामचा हात टोपीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. व्याह्यांसमोर उघडं डोकं? घरातही तो आंघोळ आणि झोप सोडून टोपी काढत नसे. पण मागं रूपाली उभी होती.

"पोरीचा बस्ता आहे," तो हळूच म्हणाला. "दारात कायले तमाशा?"

आणि त्यानं टोपी काढली. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं टक्कल भर बाजारात पाहण्याची इंदिराबाईंची ही पहिलीच वेळ. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली. तोताराम आबानं काढली म्हटल्यावर बाकीच्या दहाजणांनीही काढल्या.

राहिले छगन नाना. वय ब्याऐंशी, टोपी कडक इस्त्रीची.

"टोपी काबर काढू?" नानांनी विचारलं. "कोन मरेल शे?"

"नियम आहे, नाना."

"तुना नियम तू सांभाय. आमना गावमा मयतले जातांना टोपी काढतस. बस्ताले नही!"

अखिल पुढे झाला. एकाला सूट दिली तर नियम कसला? दादाजी गादीवरून बघत होते. पण नानांनीच तोडगा काढला. समोर रसवंती होती, ताडपत्रीची सावली होती. "तुमी साड्या देखा. मी रस पेस," असं म्हणून ते रस्ता ओलांडून गेले. त्यांचा मोबाईल सुनेच्या पर्समध्ये होता. तो कपाटात गेला.

आत मात्र छान सुरू झालं. पांढऱ्याशुभ्र चादरीच्या गादीवर अकरा पुरुष एका ओळीत बसले. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. प्रत्येकाच्या कपाळावर टोपीची रेघ, रेघेखाली उन्हानं रापलेला चेहरा आणि वर गोरंपान डोकं. त्या डोक्यांवर एसीचा गार वारा लागत होता. बोलायचं कोणालाच सुचेना. हात कुठं ठेवावेत हेही कळेना, म्हणून सगळ्यांनी ते मांडीवर जुळवून ठेवले.

अखिलला हे दृश्य फार शिस्तीचं वाटलं. त्यानं फोटो काढला आणि दुकानाच्या मोबाईलवर स्टेटसला लावला. वर दुकानाचं नेहमीचं वाक्य आपोआप आलं: 'आपल्या सुखदुःखात सदैव सोबत.' खाली जोडलेले हात.

पाचच मिनिटांत कपाट वाजू लागलं.

आधी एक मोबाईल, मग तीन, मग सगळे. कशावर आरती, कशावर लग्नाचं गाणं, एकातून कोंबडा आरवत होता. रुपचंद धावत आला. "साहेब, कपाट ओरडतंय!"

"टोकनाशिवाय उघडायचं नाही. नियम!"

मग दुकानाचाच फोन वाजला. पलीकडून घोगरा आवाज. "तोताराम आबा तठेच शेत का?"

"आहेत की. बसलेत."

"काही बोलतस?"

"नाही, गप्पच आहेत सगळे."

"बरोबर शे भाऊ. काय बोलतीन!" आणि फोन बंद!

काय बोलतील म्हणजे? अखिल विचारात पडला. त्यानं स्टेटस उघडलं आणि उडालाच! दुकानाचा फोटो आजवर चाळीस जणांनी पाहिला तर खूप. हा दोनशे बारा जणांनी पाहिला होता! शिवाय उत्तरांचा पाऊस, आणि जवळजवळ प्रत्येक उत्तरात जोडलेले हात. इतका आदर! इतका जिव्हाळा! अखिल भारावला आणि त्यानं प्रत्येकाला उलट जोडलेले हात पाठवले.

इथंच घोटाळा पक्का झाला. तिकडे नानांच्या गावातली माणसं एका मोबाईलभोवती जमली होती. बस्त्याला गेलेली माणसं पांढऱ्या चादरीवर उघड्या डोक्यांनी बसलेली, म्हणजे कोणीतरी गेलं, हे शेंबडं पोरही सांगेल. प्रश्न एकच. कोण? मग त्यांनी फोटोतली डोकी मोजली आणि बस्त्याला गेलेल्या पुरुषांच्या यादीशी ताडून पाहिली. सगळे सापडले. एकटे छगन नाना फोटोत नव्हते! ब्याऐंशी वर्षांचं माणूस, हे असं ऊन. खात्री करायला फोन लावावा तर एकही उचलत नाही. दुकानाला विचारावं तर हात जोडून दाखवतात!

साडेबाराला एक जीप दुकानासमोर करकचून थांबली. पंधरा माणसं उतरली. सगळ्यांत पुढे एक काटक म्हातारा. रुपचंदनं तोंड उघडायच्या आत त्यानं टोपी काढून त्याच्या हातात दिली. मागच्यांनीही दिल्या. कोणी हुज्जत घातली नाही, टोकनसुद्धा मागितलं नाही. रुपचंदला भरून आलं. चार दिवसांत अशी गिऱ्हाइकं पाहिली नव्हती त्यानं!

हे पुना आप्पा, छगन नानांचे धाकटे भाऊ. शेताच्या बांधावरून दोघांचं बिनसलं होतं. अकरा वर्षं बोलणं नव्हतं. बस्त्याचं निमंत्रणही नव्हतं.

"पांढरं कापड दे," आप्पा अखिलला म्हणाले. "टोपी न् टावेल बी."

"पांढरंच? क्रीम रंगात बघता का? यंदा लग्नांत फार चालतोय."

आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की अखिल मुकाट पांढरं कापड फाडू लागला. पण डोक्यात किडा वळवळत होताच. लग्नाच्या बस्त्यात हे कापड कशाला?

आप्पा कापड घेऊन आतल्या गादीपाशी गेले. नानांच्या मुलाच्या, म्हणजे नवऱ्याच्या बापाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. अकरा वर्षांनी काका आपणहून आला! नवऱ्याच्या बापाला इतका आनंद झाला की तो ढसाढसा रडू लागला. तो रडतोय म्हटल्यावर आप्पांनी टाहो फोडला. पाठोपाठ जीपमधून आलेल्या बायकांनी गळा काढला.

"काय झालं? कोण गेलं?" इंदिराबाईंच्या हातातून शालू गळून पडला.

मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडचं कोणी गेलं. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचं गेलं. जो तो समोरच्याला धीर देऊ लागला! तोताराम मात्र मनातल्या मनात दिवस मोजू लागला. सुतक! आठ दिवसांवर लग्न, मांडव ठरलेला, आचारी ठरलेला. रूपाली एका खांबाला टेकून उभी होती. आणि अखिलच्या डोळ्यांसमोर पन्नास उघडलेल्या साड्या, रडणारी चाळीस माणसं आणि गोदामाचा अंधारा जिना.

हा गलका रस्त्यापलीकडे रसवंतीत पोहोचला. छगन नाना तिसरा ग्लास संपवत होते. नानांचा स्वभाव असा, की शेजारच्या गावात कुत्रं भुंकलं तरी का भुंकलं ते विचारून यायचे. ते तडक दारात आले.

"कोन गया रे?"

"नक्की माहीत नाही," रुपचंद म्हणाला, "पण कोणी मोठं माणूस दिसतंय."

नानांनी डोक्यावरची टोपी काढली आणि आपणहून त्याच्या हातात दिली. कोणीही असो, मयत ते मयत. ते हळूच आत शिरले आणि ओळीत शेवटी, मान खाली घालून रडणाऱ्या माणसाशेजारी बसले. तो पुना आहे हे त्यांना बसल्यावर दिसलं. पण अशा वेळी वैर कसलं धरायचं?

"पुना," ते कुजबुजले, "कोन गया रे?"

"तू, भाऊ," पुना आप्पा मान वर न करता म्हणाले.

मग त्यांनी मान वर केली.

जी किंकाळी फुटली ती नवीपेठेपर्यंत ऐकू गेली असं पुढं लोक सांगत. दोन बायका साड्यांच्या ढिगावर कोसळल्या. रुपचंद शिट्टी वाजवत आत धावला. अखिल मोबाईल पुढं धरून, घाम पुसत, फोटो दाखवत, चाचरत सगळं सांगू लागला. अकरा डोकी, पांढरी चादर, सुखदुःखात सदैव सोबत!

नानांनी फोटो निरखून पाहिला. "आनि मी कोठे शे?"

"तुम्ही बाहेर होता, नाना."

लग्नघरातलं सगळ्यांत वडील माणूस, आणि जिवंतपणी त्याच्या नावानं रडारड! नाना अपशकुन म्हणून उठले असते, तर बस्ता गेला होता, मुहूर्त गेला होता आणि रूपालीच्या हातावर चढायची मेंदीही गेली होती. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. नाना पुनाकडे वळले.

"अकरा वरीस तू बोलना नही," ते म्हणाले. "अन् रडाले उना?"

"तू जित्ता व्हता तव्हय बोलाले देस व्हता का?" आप्पांनी डोळे पुसले.

त्यांनी आप्पांच्या हातातली नवी कोरी टोपी घेतली. दुखवट्याची टोपी ती! नानांनी ती स्वतःच्या डोक्यावर नीट बसवली आणि भावाला जवळ ओढलं. दोघं म्हातारे लहान पोरांसारखे रडले. अखिललाही रडू आलं, त्यातलं निम्मं सुटकेचं होतं.

"बठ्ठास्न्या टोप्या आना!" नाना गरजले. "बस्ता फाडना शे!"

कपाट अखिलनं स्वतः उघडलं. फलक इंदरचंदजींनी स्वतः उतरवला आणि गोदामात ठेवायला अखिलच्या हातात दिला. मग आलेल्या पंधरा जणांसह सगळ्यांना रस आला, बस्ता संध्याकाळपर्यंत चालला, आणि पुना आप्पांसाठी नानांनी आधी नसलेला भारीतला धोतरजोडा यादीत घातला.

शेवटी सगळ्यांचा टोप्यांसह नवा फोटो निघाला, मधोमध नाना. तो स्टेटसला लागला तसं नानांनी विचारलं, "कोन देखस हाई?"

"कोणी पाहिला ते यात कळतं, नाना. नावासकट."

नानांचे डोळे चमकले. "मंग तो पयला देखाड. मी मरेल व्हतू तो!"

अखिल नावं वाचू लागला, नाना बोटांवर मोजू लागले. पाहिलं आणि आला, बरं. पाहिलं आणि हात जोडले, ठीक. एका नावावर अखिल अडखळला. धुळ्याचे कुंदनराव, नानांचे थोरले जावई. फोटो सगळ्यांत आधी त्यांनी पाहिला होता आणि उत्तरही धाडलं होतं. शेकडो जोडलेल्या हातांमध्ये त्यांचा एकट्याचा वर केलेला अंगठा!

"हाऊ अंगठा म्हंजे काय रे?"

आज आणखी काही लपवायची अखिलची छाती नव्हती.

"म्हणजे... छान झालं."

नानांनी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. जावयाच्या मानाचं सफारीचं कापड सगळ्यांत वर होतं.

"ते काढ," नाना शांतपणे म्हणाले. "त्याले एक रुमाल टाक. बारका."