बोटीचे बूच

"अहो, माझा डाव कुठंय?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आलेला हा प्रश्न खाली पार्किंगमध्ये कप्तानांनी ऐकला आणि न ऐकल्यासारखे केले. डाव त्यांच्याच हातात होता. त्याने ते डब्यातले, चिरा बुजवायचे रेझिन ढवळत होते, आणि रेझिन आता डावासकट घट्ट होऊ लागले होते.

कप्तान हे काही खरे कप्तान नव्हेत. उभी हयात त्यांनी विमा कचेरीत पंख्याखाली काढली; पाण्याशी संबंध आला तो टेबलावरच्या पेल्यापुरता. निवृत्त झाल्यावर एका मित्राने "पाणी शिरतं थोडं, बाकी झकास आहे," असे म्हणत शिडाची एक लहानशी, दोन माणसांची बोट त्यांच्या गळ्यात मारली, आणि त्या दिवसापासून सगळी बिल्डिंग त्यांना कप्तान म्हणू लागली. कप्तानांनी बोट जुन्या टायरांवर ठेवली, घासली, पुसली, तिला पोटभर वॉर्निश पाजले. फाटक्या शिडाला बेडरूमच्या पडद्याचे फुलाफुलांचे ठिगळ लागले. डोलकाठी हॉलमध्ये राहायला आली. ती कोचाखालून निघून थेट स्वयंपाकघरात डोकावत असे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा तिला अडखळून आधी बायकोच्या पायांवर येत असे.

बोटीमुळे ज्यांची गाडी उन्हाळाभर बाहेर भाजत होती, त्या सेक्रेटरींनी अखेर बजावले, "कप्तान, रविवारी ही पाण्यात गेली पाहिजे. आणि तरंगली पाहिजे. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय. सांगून ठेवलंय मी."

"सोमवारी कशाला भाऊजी, शनिवारीच बोलवा," वरून बायको म्हणाली. "जमलं तर ह्यांनाही घेऊन जाऊ दे."

आयुष्यात पहिल्यांदाच कप्तानांकडे असे काहीतरी होते, जे कचेरीचे नव्हते. ते बोटीखाली बॅटरी घेऊन आडवे झाले, आणि तिथे त्यांना चोर सापडला. बुडाशी, अगदी मागे, चांगले अंगठ्याएवढे भोक! इतके गोल, इतके रेखीव भोक आपोआप पडत नाही, अशी शंका दुसऱ्या कुणालाही आली असती. कप्तानांनी डावाने रेझिन थापले, वर कापड, परत रेझिन. डाव त्यातच राहू पाहत होता, तो ओढून काढला.

आता परीक्षा. ज्यातून पाणी बाहेर येत नाही त्यात पाणी आत जात नाही, असा सरळ हिशेब करून शनिवारी सकाळी त्यांनी पार्किंगच्या नळाला पाइप लावला आणि बोट भरायला घेतली. स्वतः खाली वर्तमानपत्र अंथरून गळती बघत पडले. एक थेंब गळेना! बोट काठोकाठ भरली तरी गळेना. त्या आनंदात नळ बंद करायचा राहून गेला.

वरच्या मजल्यांवर नळ आधी खोकले, मग गप्प झाले. जिन्यावरून पांढऱ्याशुभ्र फेसाचा एक पुतळा टॉवेल सावरत खाली आला. डोळे मिटलेले होते, पण आवाज सेक्रेटरींचा होता.

"कप्तान! टाकी रिकामी कशी झाली?"

"रिकामी नाही झाली," कप्तान नम्रपणे म्हणाले, "खाली आलीय फक्त."

सेक्रेटरींनी चाचपडत बोटीत तांब्या बुडवला. त्यांच्या मागे बादल्यांची रांग लागली. उन्हाळाभर बोटीला नावे ठेवणारी मंडळी तिच्यातले पाणी घेऊन गेली, वर "जरा हळू भरा, गढूळ होतंय," असेही एकमेकांना सांगून गेली. तळाशी राहिलेले पाणी मात्र बादलीत येईना. कप्तान डावाने उपसू लागले. डावावर रेझिनचा एवढा गोळा बसला होता, की त्यात पाणी राहायला जागा नव्हती.

बायको खाली आली. डावाकडे एकदा, नवऱ्याकडे एकदा बघून म्हणाली, "ते मागचं भोक उघडा ना. जाईल सगळं पाणी."

"कुठलं भोक?"

"अहो, बोटीतलं पाणी काढायचं भोक. त्याला बूच असतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"बूच माझ्याकडेच आहे. तुम्ही बोटीतला कचरा टाकायला दिलात ना, त्यात सापडलं. आपल्या सिंकला काय फिट बसतंय!"

म्हणजे मित्राने बूच न लावताच बोट पाण्यात घातली होती, आणि कप्तानांनी बूच लावायचे ते भोकच बुजवून टाकले होते.

संध्याकाळी ड्रिलने भोक पुन्हा मोकळे झाले. बूच बसवून पाहिले. बसले. "रात्री घासून ठेवते," म्हणत बायको ते घेऊन वर गेली.

रविवारी अख्खी बिल्डिंग तलावावर हजर होती. सेक्रेटरी काठावर फोन हातात घेऊन उभे. बायको स्वतःहून बोटीत बसली. "तुम्ही बुडालात तर विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते विचारायला कुणीतरी जवळ हवं," म्हणाली. फुलाफुलांचे ठिगळ वाऱ्याने फुगले, बोट डौलात निघाली, आणि कप्तानांचे मोजे ओले झाले.

"अगं... बूच?"

बायकोने तोंडावर हात नेला. "सकाळी सिंकमध्ये भांडी भिजत घातली हो..."

कप्तानांनी काठाकडे पाहिले. सेक्रेटरी फोन कानाला लावत होते. तेवढ्यात बायकोने चप्पल काढली, पाय मागे सरकवला आणि टाच भोकावर दाबली. पाणी थांबले.

"हलू नकोस हं," कप्तान कुजबुजले.

"नाही हलत. डावीकडे घ्या."

"अगं, वारा बघता उजवीकडे—"

"पाय उचलू?"

बोट डावीकडे वळली.

"नवा पडदा?"

"उद्याच आणू."

"डाव?"

"स्टीलचा. मोठा."

"आणि हा हॉलमधला वासा?"

"डोलकाठी म्हणतात त्याला."

"उचलू?"

"वासा. उद्यापासून गच्चीवर."

काठावरून सेक्रेटरी ओरडले, "वहिनी, पुरे झालं, या आता!" पण वहिनी उठल्या असत्या तर बोट बसली असती. दोघांनी हसून हात हलवला आणि आणखी एक फेरी मारली. मग आणखी एक. सेक्रेटरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, या वयात कशी हौस आहे! तुम्ही मला साध्या रिक्षातून तरी फिरवलंय का?" सेक्रेटरींनी फोन खिशात घातला आणि उन्हाला कंटाळून सगळी मंडळी जेवायला गेली.

बोट पार्किंगमध्येच राहिली. सिंकला बाजारातून नवे बूच आले. बोटीचे बूच मात्र बायकोने किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवले, आणि दर रविवारी कप्तान तिला अदबीने विचारू लागले, "निघायचं का?"